सांधा न राखलेलं फूल

इस्मेनिया ओयार्सोनं डूख धरला तो अंथरुणात पडल्या पडल्या, रेडिओ ऐकताना. गेल्या जुलैत तिचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं होतं. चिलीच्या दक्षिण टोकाला जुलै म्हणजे ऐन हिवाळा; पुंता आरेनासच्या रस्त्यांवरचा बर्फ गोठून काचेसारखा झालेला, घराबाहेर पाऊल टाकायची सोय नाही, आणि उशाशी ठेवलेल्या रेडिओत बेकरीवाली नेवेंका बोलत होती. वस्तीच्या हिवाळी जत्रेत टांगलेलं कागदी बर्फाचं फूल त्या वर्षी सगळ्या शहराच्या तोंडी होतं. निवेदिकेनं विचारलं, "एवढी नाजूक नक्षी सुचली कशी हो तुम्हाला?" नेवेंका लाजल्यासारखं हसली आणि म्हणाली, "काय सांगू बाई, हात चालत गेला."

हात! कुणाचा हात? नक्षी इस्मेनियाची. ऑपरेशनच्या आदल्या दिवसापर्यंत वस्तीच्या सभागृहातल्या संगणकापुढे बसून, पोटातली कळ दाबत तिनं ती कापली होती. नेवेंकानं फक्त ती छपाईच्या दुकानात नेऊन यंत्रानं मोठ्या कागदावर कापून आणली. हमालानं पेटी वाहिली म्हणून दागिने त्याचे होतात का? आणि ही कोण परकी बाई नव्हे. इस्मेनिया नेवेंकाच्या मुलीची धर्ममाता. बाप्तिस्म्याच्या दिवसापासून दोघी एकमेकींना 'कोमाद्रे' म्हणत आलेल्या, एकमेकींच्या घरची भांडी न विचारता उचलणाऱ्या. परक्यानं चोरी केली तर माणूस पोलिसात जातं. कोमाद्रेनं केली तर जायचं कुठं?

भेटायला आली तेव्हा नेवेंकानं विषय काढलाच नाही. सफरचंदाचा केक आणला, उशी नीट केली, आणि जाताना दारात एवढंच पुटपुटली, "त्यांनी नाव विचारलं गं, मी पटकन माझं सांगून बसले."

"बसलीस ना? मग बस," इस्मेनिया म्हणाली. पण तोवर दार लागलं होतं.

तिचा नवरा आर्तेमियो शेगडीजवळ 'माते'चा कडू चहा नळीनं ओढत बसायचा. तो म्हणाला, "कागद तो. जत्रा संपली की चुलीत जातो. त्याच्यावरून जन्माचं वैर?"

"तुझी होडी कुणी स्वतःच्या नावानं रंगवली असती म्हणजे?"

"होडीवर मासे मिळतात. तुझ्या फुलावर काय मिळतं?"

"नाव मिळतं! बावन्न वर्षांत लाऊडस्पीकरवरून माझं नाव एकदा तरी पुकारलं गेलंय? एकदा? माझ्या लग्नातसुद्धा पाद्रीबाबा चुकीचं नाव बोलले."

आर्तेमियोनं मातेची नळी तोंडात धरली. शहाणा माणूस होता.

वर्ष गेलं. इस्मेनियानं अबोला धरला नाही. अबोल्यानं माणूस सावध होतं. ती नेवेंकाच्या बेकरीत पाव आणायला जात राहिली, वाढदिवसाला लोकरीचे मोजे दिले, हसली, बोलली. आत मात्र तो डूख रोज थोडा थोडा मुरत होता, आणि खरं सांगायचं तर तिला त्याची चव आवडायला लागली होती.

जूनमध्ये नेवेंका स्वतःच आली. कोटावरचा बर्फ झटकत म्हणाली, "कोमाद्रे, यंदाही नक्षी तूच काढ हं. कापून आणायचं, टांगायचं, सगळं माझ्याकडे. तू फक्त नक्षी काढ."

इस्मेनियाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एकदा चोरून पोट भरलं नाही, आता माल घरपोच मागायला आली! तरी ती हसून म्हणाली, "काढते की. तुला नाही म्हणेन का?"

"आणि जत्रेला यायचंच. यंदा आजारपण नको, कारण नको. तुला बघायलाच पाहिजे."

"येणार. पहिल्या रांगेत उभी राहीन," इस्मेनिया म्हणाली. हे मात्र ती मनापासून बोलली.

दुसऱ्या दिवशी ती सभागृहात गेली. तिथल्या संगणकावर बर्फाची फुलं कापायचा एक खेळ होता. मुलांसाठी म्हणून कुणीतरी टाकलेला, पण खरा चालवायचा तो इस्मेनियानंच. पडद्यावर घडी घातलेल्या कागदाची एक पाचर दिसते. माऊसनं टिंबं देत जायचं, टिंबं जुळली की तेवढा तुकडा गळून पडतो, आणि बटण दाबलं की घडी उलगडून सहा हातांचं फूल समोर येतं. पोरं सुटतात ती वाटेल तशी टिंबं मारत. इस्मेनियाचं तसं नव्हतं. ती आधी मोठे काप घ्यायची, मग चित्र मोठं करून बारीक काप. गोलाईला टिंबं कमी आणि लांब लांब, नाहीतर कडा करवतीसारखी होते. घडीच्या रेषेवर अर्धं पान कापायचं, म्हणजे उलगडल्यावर पूर्ण पान मिळतं. आणि सगळ्यात मोठा नियम तिनं अख्ख्या वस्तीला शिकवला होता: घडीच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत काप कधीही आरपार न्यायचा नाही. मध्ये बोटभर सांधा राखायचा. पडद्यावर काहीच खाली पडत नाही, सुटलेला तुकडासुद्धा जागच्या जागी तरंगत राहतो. कागद मात्र पडतो. पडद्यावर विश्वास ठेवून पहिल्या वर्षी सगळ्यांनीच फुलं मातीत घातली होती.

त्या दिवशी तिनं आयुष्यातली सगळ्यात सुंदर नक्षी कापली. कडेला वाऱ्यानं वाकलेली झाडं, मध्ये कालाफातेच्या झुडपाच्या काटेरी फांद्या, अगदी आत एक चांदणी. कापताना ती इतकी रमली की क्षणभर कशासाठी कापतोय तेच विसरली. मग आठवलं. तिनं पाचर इतकी मोठी केली की पडद्यावर फांदीचं एकच टोक मावलं, आणि केसाएवढा एक काप एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत नेला. आरपार. त्याच्या बाहेर झाडांच्या मुळाशी दुसरा. फांद्यांच्या कडेकडेनं असा वळवत नेला की चित्र पुन्हा लहान केल्यावर तिला स्वतःलाही तो सापडेना. बटण दाबलं. फूल उलगडलं, अखंड, देखणं. चांदणी कशालाच धरलेली नव्हती, फांद्या कशालाच धरलेल्या नव्हत्या.

"आता बोल रेडिओवर," ती पडद्याला म्हणाली. "सांग, हात चालत गेला."

घरी येऊन तिनं कोकराचं मटण शिजवलं आणि कधी नव्हे ते गाणं गुणगुणली. आर्तेमियोनं चमचा खाली ठेवला. "कुणाचा गळा कापून आलीस?"

"कागदच कापला," ती म्हणाली.

जत्रेच्या दिवशी पाच-साडेपाचलाच अंधारून आलं. सभागृहासमोरच्या पटांगणात शेगड्या पेटल्या, गरम वाइनचा आणि संत्र्याच्या सालींचा वास सुटला, टोप्यांत कान लपवून सगळी वस्ती जमली. दोन खांबांच्या मधल्या दोरीवर फूल चढवलेलं होतं, माणसापेक्षा उंच, पाठीमागच्या चिकट कागदासकट. दुकानातलं यंत्र कापतं ते या कागदावरच, त्यामुळे काप कितीही सुटा असो, कागद निघेपर्यंत सगळं धरून राहतं. रिवाज असा की दिवे लागले की ज्याची नक्षी त्यानं खालून तो कागद ओढायचा, आणि फूल उजेडात मोकळं व्हायचं. गेल्या वर्षी नेवेंकानं ओढला होता.

इस्मेनिया पहिल्या रांगेत उभी होती. तिचं सगळं ठरलेलं होतं. नेवेंका कागद ओढणार, फूल तिच्या डोक्यावर ढासळणार, लोक हसणार, आणि मग आपण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणणार, "अगं बाई, ज्याची नक्षी असते त्याला सांधा राखायचा कळतो गं!" हे वाक्य तिनं नक्षी कापल्यापासून रोज घोळवून गुळगुळीत केलं होतं.

जत्रा चालवणारा म्हातारा क्लोदोमिरो लाऊडस्पीकरवर खाकरला. "मंडळी, कागद ओढण्याआधी नेवेंकाला दोन शब्द बोलायचेत."

नेवेंका पुढे आली. तिनं टोपी काढून हातात धरली. "गेल्या वर्षीचं फूल माझं नव्हतं," ती म्हणाली. "मी खोटं बोलले. नक्षी माझ्या कोमाद्रेची होती, ती दुखण्यात पडली होती आणि मी तिचं नाव खाल्लं. वर्षभर मला घास गोड लागला नाही. यंदाची नक्षीही तिचीच आहे. मी फक्त तिच्या नावाची दोन आद्याक्षरं त्यात माझ्या हातानं कापलीत, I ची एक दांडी आणि O चा एक गोल. उलगडल्यावर उलटी होणार नाहीत अशी नेमकी तिचीच अक्षरं निघाली, म्हणजे देवालाही हेच हवं असेल. ये गं. कागद तू ओढायचा."

आणि क्लोदोमिरोनं पुकारलं, "इस्मेनिया ओयार्सो!"

आवाज पटांगणभर घुमला, समोरच्या पत्र्यांवर आपटून परत आला. टाळ्या पडल्या. इस्मेनिया पहिल्या रांगेतच थांबली. आर्तेमियोनं पाठीत हलकेच ढकललं. "जा की. नाव, नाव करत होतीस ना?"

ती गेली. वर बघितलं तर झाडांच्या बुंध्यांमधून खरंच तिची अक्षरं कापलेली होती, जरा वाकडी, शिकाऊ हाताची. नेवेंकानं किती वेळ घातला असेल यात? तिला तर माऊस धरता येत नाही धड. 'थांबा' एवढा एक शब्द पुरे होता. थांबा, नक्षीत चूक आहे, मला नीट करू द्या. पण चूक कशी झाली असं कुणी विचारलं असतं तर? वस्तीला सांधा शिकवणाऱ्या बाईची चूक, ती एकदा नव्हे दोनदा, केसाएवढी, लपवून? नेवेंका तिच्याकडे बघत होती, डोळ्यांत पाणी, तोंडावर हसू. दिवे लागले. कुणीतरी ओरडलं, "ओढा इस्मेनियाबाई, बोटं गळून पडतील आता!"

तिनं कागद ओढला.

आधी चांदणी सुटली. मग फांद्यांचं अख्खं कडं तिरकं झालं, क्षणभर अडकल्यासारखं वाटलं, आणि घसरून खाली चिखलमिश्रित बर्फात पडलं. दोरीवर नुसती कड उरली. मधून पलीकडचा अंधार दिसत होता. पटांगणात कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

"अरे देवा," नेवेंका म्हणाली. ती गुडघ्यांवर बसून ओले तुकडे गोळा करायला लागली. "माझ्यामुळं झालं. अक्षरं कापताना मीच काहीतरी तोडलं असणार. पडद्यावर अखंड दिसत होतं गं, शपथ घेते. मला वाटलं, बसलं सगळं नीट."

मागून एक बाई कडाडली, "हात लावायला सांगितला होता कुणी? गेल्या वर्षी चोरलंस, यंदा वाटोळं केलंस!"

"पाव भाजायचे ते भाज ना बाई. कशाला दुसऱ्याच्या कलेत नाक खुपसायचं?" आणखी कुणी म्हणालं. क्लोदोमिरोसुद्धा लाऊडस्पीकर बंद करायचा विसरून पुटपुटला, "बिचारी इस्मेनिया," आणि ते सगळ्यांना ऐकू गेलं.

नेवेंकाची मान खाली. लोक बोलत होते आणि ती ऐकून घेत होती. इस्मेनियानं वर्षभर जे जे मागितलं होतं ते सगळं एकाच संध्याकाळी तिच्या पदरात पडलं होतं. नाव पुकारलं गेलं होतं. चोरी कबूल झाली होती. नेवेंका चारचौघांत तोंडघशी पडली होती. मनात आणलं असतं तर अजूनही वेळ गेलेली नव्हती. लाऊडस्पीकर सुरूच होता. तिनं तोंड उघडलं, आणि तिला स्वतःची अतोनात भीती वाटली.

"कदाचित नक्षीतच..." ती कशीबशी म्हणाली.

"छे!" नेवेंकानं झटकन मान वर केली. "तुझ्या नक्षीत चूक नसते. ते मला माहीत आहे आणि सगळ्या वस्तीला माहीत आहे. मला माफ कर, कोमाद्रे."

सगळे इस्मेनियाकडे बघत होते.

"जाऊ दे," इस्मेनिया म्हणाली. "होतं असं. केलं माफ."

नेवेंकानं तिला मिठी मारली आणि ढसाढसा रडली. भोवतालचे लोक हळहळले, कुणी टोपी काढली, कुणी इस्मेनियाच्या हातात गरम वाइनचा पेला दिला. शेगडीपाशी उभी असलेली एक म्हातारी आपल्या सुनेला म्हणाली, "बघून ठेव. मन असावं तर असं."