आधी घास, मग सुई

महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी आमच्या घरात नैवेद्य दाखवल्याशिवाय कुणी तोंडात काही टाकत नाही. म्हणजे बायका टाकत नाहीत. माझे सासरे सकाळीच चहा-बिस्किटं हाणून बसतात, ते धरायचं नसतं.

भिंगरीला हा नियम लावून चालणार नव्हतं. भिंगरी आमची मांजर. तिला साखरेचा आजार, दोन्ही वेळा इन्सुलिन. डॉक्टरीणबाईंनी बजावलेलं, "आधी खाणं, मग सुई. खाल्लं नाही तर मला विचारल्याशिवाय टोचू नका." त्या सकाळी कानातला थेंब घेऊन साखर बघितली. वाढलेलीच होती. जिन्याखाली वाटीत उकडलेलं चिकन ठेवलं आणि स्वयंपाकात अडकले. परत आले तर वाटी साफ. मानेची कातडी चिमटीत धरून दोन युनिट दिले, हात धुतले आणि पुरण वाटायला बसले.

दुपारी ताटं तयार, पण पंगत अडलेली. नणंद पैठणहून निघालेली, तिची एसटी बिडकीनला बंद पडली. माझा नवरा बद्रीनाथ तिला आणायला गाडी घेऊन गेला.

मी भिंगरीला हाक मारली. जिन्याखालून ती निघाली ती दारुड्यासारखी. मागचे पाय एकीकडं, पुढचे दुसरीकडं. भिंतीला आपटून तिथंच बसली. बाहुल्या एवढ्या पसरलेल्या की डोळ्यांत पिवळं उरलंच नव्हतं. ती माझ्याकडं बघत होती, पण मी तिला दिसत नव्हते.

कानाच्या कडेला टोचलं, रक्त येईना. कान चोळला, पुन्हा टोचलं. यंत्रावर नुसतं 'लो'. आकडाच नाही. आकडा असता तर किती घाबरायचं ते तरी कळलं असतं.

दवाखाना सणाचा बंद होता, पण डॉक्टरीणबाईंनी फोन उचलला. "साखर पाण्यात कालवून हिरड्यांना चोळा. तोंडात ओतू नका, फुप्फुसात जाईल. सकाळी खाल्लं होतं ना?"

"हो."

"खाताना बघितलं?"

मी वाटी बघितली होती, मांजर नाही.

"नीट सांगा. पोट रिकामं असेल तर नुसत्या साखरेनं ती वर येईल आणि पुन्हा बुडेल."

"जिन्याखालच्या वाटीतलं कुणी उचललं?" मी ओरडले.

"देवाच्या दिवशी मांजरापायी बोंबलतीस व्हय?" सासरे बाहेरून म्हणाले.

"मामंजी, तुमची बिस्किटं झालीत ना? मग गप्प बसा."

असं मी त्यांना कधी बोलले नव्हते. पण भिंगरीचं अंग ताठ झालं होतं, जबडा कटकटत होता, माझं साखरेचं बोट तिच्या हिरडीवर होतं. ही माझ्या मांडीवर मरते, हे मला सरळ दिसत होतं.

माझ्या सासूबाई सारजाबाई चौकट धरून उभ्या होत्या. "म्या टाकलं," त्या म्हणाल्या. "लक्ष्म्या बसल्यात घरात अन् जिन्याखाली कोंबडी? म्हनलं, नैवेद्याचं दिऊ तिला दुपारी. एक येळ उपाशी ऱ्हायली तर काय हुतंय?"

भांडायला वेळ नव्हता. "खाल्लेलं नाही," मी फोनवर सांगितलं.

"मग गिळायला लागली की लगेच खायला द्या, जे खाईल ते. संध्याकाळची सुई देऊ नका. साखर बघत राहा, उद्याचा डोस मी कमी करून सांगते."

किती वेळ चोळत होते कोण जाणे. शेवटी जीभ हलली. खरखरीत जीभ माझ्या बोटावर फिरली आणि मी उठून भाताचं पातेलं उघडलं.

मामंजी आडवे आले. "हात लावू नगं. नैवेद्य दाखवायचाय अजून. सारजे, सांग हिला!"

सासूबाई काही बोलल्या नाहीत. मी वळून बघितलं. पदर घामानं चिंब, चौकटीवरचा हात लटपटतोय. त्यांनाही साखरेचा आजार आहे.

"आत्याबाई, सकाळी इन्सुलिन घेतलं?"

"घेतलं की. सनाचं दोन जास्तच. पुरनाची पोळी खायची म्हनून."

"आणि खाल्लं काय?"

"नैवेद्याच्या आधी कसं खाऊ गं?" त्या खाली बसल्या. "मघाधरनं मला चार लक्ष्म्या दिसायल्यात."

मखरात दोनच होत्या.

यंत्र तेच, सुई नवी. त्यांच्या बोटातून थेंब घेतला. बावन्न. सत्तरच्या आत गेलं की धोका. मी पुरणाचा गोळा उचलला आणि त्यांच्या तोंडात कोंबला. मामंजींनी हात पुढं केला. मी यंत्र त्यांच्या डोळ्यांसमोर धरलं. "वाचा. मग अडवा." त्यांनी वाचलं, हात मागं घेतला आणि देव्हाऱ्याकडं तोंड करून उभे राहिले. बायको मरायला टेकली तरी माणसाला आधी देवाची लाज वाटते.

सासूबाईंनी तोंड भरलेलं असतानाच भिंगरीकडं बोट केलं. "तिला दूधभात कालव. तूप घाल." भात त्यांनी स्वतः बोटानं भिंगरीच्या तोंडाला लावला. दोघींचीही मान थरथरत होती.

सासूबाईंची साखर पहिल्यांदा साठ. मग चौऱ्याहत्तर. शेवटी त्या शंभराच्या वर गेल्या, पण मांजराचा मला भरवसा वाटेना. पुन्हा बुडेल, हेच कानात.

दारात गाडी थांबली. नणंद उंबऱ्यातूनच म्हणाली, "आई, नैवेद्य झाला का गं?"

"आमच्या दोघींचा झाला," सासूबाई बोटं चाटत म्हणाल्या. "तुमचं तुम्ही बघा."

मी मान वर केली नाही. कान चिमटीत धरून पुन्हा टोचलं. भिंगरी फिस्कारली, माझ्या मनगटावर नखं ओढली. यंत्रावर एक्क्याण्णव आलं आणि तेव्हा कुठं मी रडले.