मुगाएवढी गोळी

बोटाच्या पेरावर अफूची काळी गोळी आणि शेजारी मुगाचा दाणा... गोळी अंमळ मोठी वाटली, म्हणून कासाबाईनं नखानं तिची कड खरवडली. आपलीच साल निघावी तसं वाटलं. पण दवाखान्यातल्या नर्मदाबाईंचा नियम म्हणजे नियम — पाचव्या महिन्यात हरभऱ्याएवढी, सातव्यात तुरीएवढी, बाळंतपणात मुगाएवढी.

दाढ दुखली म्हणून सासूनं, भिवराबाईनं, अफूची पहिली गोळी दिली होती. दाढ पडली, गोळी राहिली. निजामाचं राज्य जाऊन सहा वर्षं झाली, सासूची डबी मात्र जागेवरच. दिवस गेल्यावर लाजेनं कासाबाईनं एका दिवसात सगळं सोडलं, आणि तिसऱ्या दिवशी पोटात असे पिळे पडले की बैलगाडीत घालून तिला परभणीच्या दवाखान्यात न्यावं लागलं. तिथल्या नर्स नर्मदाबाई आधी ओरडल्या, मग म्हणाल्या, "एकदम तोडलीस तर लेकरू जाईल. थोडी थोडी कमी कर." अफू खा पण कमी खा म्हणणारं माणूस तिला पहिल्यांदाच भेटलं, गावात एक तर खा म्हणणारे होते, नाहीतर थुंकणारे.

आता झोळीतली पोर किंचाळत होती. तीन आठवड्यांची, आईची अफू अंगात घेऊनच जन्मलेली. दवाखान्यातले औषधाचे थेंब परवा बंद झाले, हनुवटीची थरथर तेवढी उरली होती.

भिवराबाई बोटाला काळं लावून आली. "जरा चाटव की गं. समदी लेकरं आमी आशीच वाढवली. तुजा नवरा दिवस-दिवस बांधावर झोपायचा."

"ते आजून बी झोपतेत की, आत्याबाई."

बोट तरीही झोळीकडे गेलं... आणि कासाबाईनं ते मनगट धरलं. अकरा वर्षांत तिनं सासूच्या पायांना हात लावला होता; मनगटाला आज पहिल्यांदा.

"माज्यातलं काढायलेय, ते हिच्यात भरायचं का?"

"मग बस बोंबलत!" भिवराबाई हात सोडवून मेंढरांकडे निघून गेली.

कासाबाईनं पोरीला लुगड्याच्या धडप्यात घट्ट गुंडाळून छातीशी घेतलं. तिच्या स्वतःच्या पोटऱ्या ओढत होत्या, आणखी मागत होत्या... आईनंही तिला असंच बोट चाटवून कापसाच्या रानात निजवलं असणार. बालपण काही आठवत नाही. आठवायला जागं असावं लागतं...

पोर पुन्हा किंचाळली, साऱ्या आळीला ऐकू जाईल अशी. उद्या थांबेल असं नर्मदाबाईंनीही सांगितलं नव्हतं. पण कासाबाई ताठ बसून ते रडणं ऐकत राहिली, एखाद्या बाईनं भर सभेत आपलं नाव पुकारलेलं ऐकावं तसं — या घरात कुणीतरी पुरतं जागं होतं, आणि ते तिच्या पोटचं होतं.