तीन नंबरच्या प्रेसचा अहवाल

टायपिस्टबाईंनी मशीनमधून अर्धवट टाइप झालेला मासिक अहवाल ओढून काढला आणि साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवला.

"यात ते वाक्य बसत नाही, साहेब."

"न बसायला काय झालं? 'तीन नंबरच्या प्रेसवर किरकोळ इजा, अर्धी पाळी वाया.' संपलं!"

"मासिक अहवाल म्हणजे किती माल निघाला, किती अडला. इथे प्रेसवरच्या पोरीची दोन बोटं गेलीत. त्याला अपघाताचा अहवाल लागतो. चोवीस तासांत, चार प्रतींत."

"आणि तो गेला की तपासणी होईपर्यंत प्रेस बंद. मग ऑर्डर काय तुम्ही पुरी करणार?"

"संरक्षक जाळी काढलेल्या प्रेसवर उद्या सकाळी दुसरी बसेल. तिचे हात कोण पुरवणार?"

"आता अहवालांचे प्रकार तुमच्याकडून शिकू?"

"सव्वीस वर्षं मीच टाइप करतेय. शिकवते की."

शेजारी हेडक्लार्कला एकदम खोकला आला. साहेबांचा आवाज चढला.

"आजवर इथे कुणी एवढा बाऊ केला नाही. जुन्या फायली काढून बघा!"

बाईंनी खरंच काढल्या. शोधावं लागलं नाही. हात थेट अठरा वर्षांपूर्वीच्या फायलीवर गेला. मासिक अहवाल, नववी ओळ. तीच प्रेस, तीच किरकोळ इजा. खाली टाइप करणारीची सही, बाईंचीच. तेव्हा बोटं गेलेली ती उंच, खदाखदा हसणारी कामगार पुढे नोकरी सुटेपर्यंत जेवणाच्या सुट्टीत वेणी घालून घ्यायला त्यांच्याकडेच यायची. त्या अहवालाबद्दल तिने कधी चकार शब्द काढला नाही.

बाईंनी चार कागदांत कार्बन घातले. आजचा अपघात तासा-मिनिटांसह उतरवला आणि साहेबांच्या सहीची वाट न बघता खाली स्वतःची सही ठोकली.

"बाई, निवृत्तीला आठ महिने उरलेत," हेडक्लार्क पुटपुटला. "कशाला विस्तवाशी खेळता?"

"एक प्रत सरकारी तपासनिसाची. टपालात टाकताय, की मी जाऊ?"

त्याने जावक क्रमांक घातला. बाईंनी पुन्हा चार कागद मशीनवर चढवले.

"आता आणखी कसला?" हेडक्लार्कने विचारलं.

"अपघाताचाच."

तारीख अठरा वर्षांपूर्वीची पडली. नाव, प्रेस, गेलेली बोटं. सगळे रकाने भराभर भरले. 'अहवालास उशीर झाल्याचे कारण' इथे मात्र बोटं थांबली. मग चौथ्या प्रतीवरही स्पष्ट उमटावं म्हणून एकेक अक्षर दाबून त्यांनी टाइप केलं:

'टायपिस्टने साहेबांचे ऐकले.'