शेपटीवाचून चाललो

"प्लेटवर काही पसरलेलं दिसलं की ती धुऊन टाकायची. का, ते विचारायचं नाही." बंगळुरूच्या आमच्या प्रयोगशाळेतला हा नियम. ज्याला धुऊन टाकायचं, तोच मी बोलतोय. मी जिवाणू. येलहंक्याच्या तळ्यातल्या चिखलात जन्मलो. नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, म्हणून काय गप्प बसू?

१९९३ साली पीएच.डी. करणाऱ्या गौरीने तो चिखल बाटलीत भरला आणि मी शहरात आलो. इथे सगळ्यांना भरपूर अन्न घातलेल्या प्लेटवर, म्हणजे झाकणाच्या चपट्या काचेच्या बशीत, ठेवायची पद्धत. जागच्या जागी पोट भरल्यावर कोण हलेल? आम्ही एकमेकांच्या अंगावर ढीग करून बसलो. गौरीचे मार्गदर्शक डॉ. त्रिविक्रम म्हणाले, "शेपटी नाही, म्हणजे चालत नाही. लिहून टाक."

अहो, शेपटी पोहणाऱ्यांना लागते! मी पोहत नाही, पृष्ठभाग धरून सरकतो.

गौरीला ते पटलं नाही. "तळ्यात एवढं जेवण कोण वाढतं?" असं पुटपुटत तिने दहावा हिस्साच अन्न घालून नवी प्लेट केली. मग काय! दोन दिवसांत आम्ही पातळ सायीसारखे पार कडेपर्यंत पसरलो.

तिसऱ्या दिवशी ती आली, तेव्हा ती प्लेट जयसिंगरावांच्या हातात होती. तीस वर्षं प्लेट वाफेत घालून धुणारे हे गृहस्थ.

"अण्णा, थांबा!"

"अक्का, स्वल्प बाजूला व्हा. घाण झालीय ही. सर बघायच्या आत धुतो. नेहमीच धुतो."

"नेहमी? म्हणजे तीस वर्षांत जे जे चालले, ते सगळे तुम्ही धुतलेत?"

जयसिंगरावांनी प्लेट अलगद टेबलावर परत ठेवली.

आमच्यातले काही भाऊबंद मात्र पसरलेच नव्हते. टाचणीच्या डोक्याएवढे गोळे करून बसले होते. गौरीने त्यांना एका नळीत घातलं, आम्हाला दुसरीत. दोन्हींत पाणी, वर थोडं तेल, आणि जोरात हलवलं. आम्ही तेलाला चिकटून वर गेलो. खालचं पाणी स्वच्छ. ते खाली पाण्यातच राहिले, त्यांचं पाणी दुधाळ. काचेवरूनही पाण्याच्या एका धारेत ते वाहून गेले. आम्ही तसूभर हललो नाही. सातदा करून बघितलं, सातदा तेच. त्यांच्या अंगाचा वरचा थरच बदलला होता. त्यांना काच धरता येईना, म्हणून सरकता येईना.

गौरीने हे सगळं लिहून नेलं, तेव्हा त्रिविक्रम सरांनी कागद बाजूला सारले. "सोमवारी अहवाल जायचाय. हा भाग काढ. जयसिंगराव, त्या प्लेट वाफेत घाला."

गौरीने आम्हाला ठेवलेली काचपट्टी सूक्ष्मदर्शकाच्या भिंगाखाली सरकवली. "आधी बघा, सर."

"पाण्याबरोबर वाहतोय," सर भिंगाला डोळा लावून म्हणाले.

"वाहणारे सगळे एकाच दिशेला जातात. हा बघा, थांबला. आता उलटा फिरला."

तो मी होतो. जन्मात इतक्या ऐटीत चाललो नव्हतो.

"गौरी, मोठ्यांनी ठरवलेल्या काही गोष्टी असतात."

"असतील. मी हा भाग काढणार नाही. आणि अण्णा, प्लेटला हात लावायचा नाही."

जयसिंगरावांनी पुढे केलेला हात मागे घेतला. सरांचा डोळा भिंगालाच लागलेला होता. मी त्यांच्यासमोरून सरळ पलीकडे गेलो, वळून परत आलो, आणि सर काचपट्टी सरकवत माझ्या मागे मागे येत राहिले.