बाविसावी वनस्पती

परदेशातल्या न्यू लिन उपनगराच्या कम्युनिटी हॉलमध्ये त्या रविवारी उभे राहायलाही जागा नव्हती. मुलांकडे सहा-सहा महिने राहायला आलेली पुण्या-मुंबईची ज्येष्ठ मंडळी बोटे पुढे करून बसली होती. गुरुदत्त महाराज अंगारा-गंडा असल्या जुनाट गोष्टींत रमणारे नव्हते. त्यांच्यापुढे रक्तातली साखर मोजण्याचे यंत्र होते; तिकडच्या शंभराला इथल्या मापात साडेपाच म्हणत.

"लीलाताई, मागच्या महिन्यात किती?"

"चौदा."

"आणि आज सहा. यंत्राला काही भक्ती नसते, मंडळी; ते खोटं कशाला बोलेल? हिमालयातल्या एकवीस वनस्पती, रोज एक पुडी. डॉक्टरच्या गोळ्या डस्टबिनमध्ये."

सर्वांत जोरात टाळ्या शकुंतलाबाईंच्या होत्या. शेजारी बसलेली त्यांची सून वल्लरी अस्वस्थ झाली, कारण यंत्र खरेच खोटे बोलत नव्हते. सासूबाईंचीही साखर उतरली होती. मात्र मागच्या संकष्टीला, उपवासाच्या पोटी पुडी घेतल्यावर, अवोन्डेलच्या बाजारात मेथीची जुडी निवडता निवडता त्या घामाघूम होऊन कोसळल्या होत्या. "शरीरातलं विष बाहेर पडतंय," असा महाराजांचा खुलासा होता. आता नऊ दिवसांवर अंगारकी आली होती आणि अर्धा हॉल उपवास करणार होता.

"आई, निदान त्या दिवशी पुडी नको."

"अगं, त्या दिवशी तर दुप्पट पुण्य."

वल्लरी विद्यापीठाच्या सामायिक प्रयोगशाळेत काम करी. तिथले महागडे यंत्र कुणा एका विभागाचे नव्हते. कुणी झाडाची साल आणी, कुणी समुद्रातला स्पंज. प्रत्येकाला आपल्या बाटलीत उद्याचे औषध दिसत असे. यंत्र रेणूंची वजने करी आणि आत काय आहे ते सांगे. महाराजांची पुडीही तिथे तपासून पाहू, असे तिने घरी सुचवले.

"तुझंच यंत्र, तूच सांगणार," शकुंतलाबाई म्हणाल्या. "मी का ऐकू?"

आक्षेप रास्त होता. वल्लरीला तो आवडलाही.

"मग यंत्राची परीक्षा तुम्हीच घ्या."

शकुंतलाबाईंनी दार लावून चार सारख्या पुड्या बांधल्या. तीन पुड्यांत महाराजांची पूड, एकीत घरच्या डब्यातली मेथी-सुंठ. वर फक्त आकडे घातले. वल्लरीने प्रमुखांची रीतसर परवानगी काढून यंत्राची वेळ घेतली.

गुरुवारी संध्याकाळी ती कागद घेऊन आली. "तिसरी पुडी घरची. तिच्यात औषध नाही. बाकी तिन्हींत ग्लिबेनक्लामाइड आहे. मधुमेहाला डॉक्टर देतात, त्यातलीच एक गोळी, कुटून मिसळलेली. एका पुडीत अर्ध्या गोळीइतकी, दुसरीत दोन गोळ्यांइतकी. ती घेऊन पोट रिकामं ठेवलं की साखर घसरतच जाते."

शकुंतलाबाईंनी कागदावरच्या तीनच्या आकड्यावर बोट ठेवले. "तिसरी," त्या म्हणाल्या. "कुणाला बोलले नव्हते मी."

रविवारी हॉलमध्ये वल्लरी उठण्याआधीच त्या उभ्या राहिल्या. "महाराज, एकवीस वनस्पतींची नावं सांगता? बाविसावी मला कळलीय. गोळीच्या कारखान्यात उगवते ती."

"माताजी, श्रद्धा डळमळली की पुडी काम करत नाही."

"करते की. फार काम करते. म्हणून तर बाजारात पडले मी."

वल्लरीने सगळे समजावून सांगेपर्यंत महाराजांनी यंत्र पिशवीत भरले होते आणि पार्किंगची वाट धरली होती.

"म्हणजे वनस्पतींत काही नसतंच?" लीलाताईंनी विचारले.

"असतं, मावशी. कितीतरी औषधं झाडपाल्यातूनच आली. पण आमच्याकडे येणारा प्रत्येक जण आपली बाटली स्वतःहून तपासायला देतो. मग कित्येक वर्षं मात्रा ठरवण्यात आणि अपाय शोधण्यात जातात. बहुतेक बाटल्या नापास होतात, आणि ते लिहून ठेवलं जातं. उद्या पुड्या घेऊन डॉक्टरांकडे जा. आपल्या मनानं काही सुरू नको, बंद नको. आणि आत काय आहे हे विचारल्यावर जो रागावतो, त्याच्या हातचं काही घेऊ नका."

लीलाताईंनी पर्समधून पुड्या काढून टेबलावर ठेवल्या. "आणि अंगारकीचं काय गं, शकुंतला?"

"गणपतीला मी आजच सांगून टाकलंय," शकुंतलाबाई म्हणाल्या. "मंगळवारी सकाळी पोटभर पोहे."