न धावणाऱ्यांच्या गटातली सृष्टी

अकरावीतल्या सृष्टीला धावायला बंदी होती, आणि ती खुद्द गावदेवाने घातली होती.

झालं ते असं. गावच्या क्लबात ज्युदो शिकवणाऱ्या सुशांत सरांना पीएचडी करायची होती. जिवाच्या आकांताने धावायचं, जरा थांबायचं, पुन्हा धावायचं, अशा सरावाने पोरांचा दम वाढतो का, हा विषय. त्यासाठी निम्म्या पोरांनी तसं धावायचं आणि निम्म्यांनी दोन महिने अजिबात नाही. कोण कुठल्या गटात, याच्या चिठ्ठ्या टाकू, असं सर म्हणाले, आणि तिथेच चुकले.

"चिठ्येत माणसाचो हात इलो," क्लबाचे अध्यक्ष दत्तप्रसाद म्हणाले. ते सृष्टीचे बाबा. "कौल लावूया."

मग देवळात गुरवाने पाषाणावर ओल्या पाकळ्या चिकटवून एकेका पोरासाठी देवाला विचारलं. उजवी पडली तर धाव, डावी पडली तर बस. रसिकाची उजवी पडली. सृष्टीची डावी.

जिल्ह्याच्या संघात दोघींच्या वजनगटाला जागा एकच, आणि दमाच्या शेवटच्या चाचणीत जी टिकेल तिची. सृष्टी ज्युदोत रसिकाला सहज पाडायची, पण तिसऱ्या मिनिटाला तिच्या छातीचा भाता व्हायचा.

"सर, माझा गट बदला ना."

"विज्ञानात तसं चालत नाही."

"बाबा, तुमी तरी सांगा."

"देवाचो शब्द मोडू? खुळावलंस काय गो?"

विज्ञान आणि देव यांचं गावात प्रथमच एकमत झालं होतं, आणि ते नेमकं तिच्यावर. एसटी सुटत असली तरी सृष्टी चालत जाई. पाऊल जरा झपझप पडलं की कुंपणापलीकडून सावित्रीकाकी ओरडे, "सावकाश गो चेडवा, देव बघता!" देवाचं माहीत नाही, काकी मात्र बघायची. समोर वाळूवर रसिका सुटायची, थांबायची, पुन्हा सुटायची. सृष्टी पडवीत बसून काजू सोलायची.

एका सकाळी बाबलीमामाच्या रापणीला माणसं कमी पडली. बाबांनी लेकीला खुशाल धाडलं. किनाऱ्यावर जाळं ओढणं हे काम. त्याला व्यायाम कोण म्हणतो? मामाची हाळी आली की टाचा रुतवून जीव तोडून ओढायचं, हाळी थांबली की श्वास घ्यायचा, की पुन्हा हाळी. सृष्टीच्या लक्षात आलं, हे तर सरांचंच वेळापत्रक. ती कुणाला बोलली नाही. रोज जाऊ लागली.

चाचणीला दोन खुणांमध्ये धावायचं होतं, पुढच्या शिट्टीच्या आत. शिट्टी दर वेळी आणखी घाईची. रसिका कंबर धरून थांबली. सृष्टी धावतच राहिली. सरांचा चेहरा उतरला. त्यांचं संशोधन खरं ठरत होतं, फक्त चुकीच्या मुलीवर.

"चोरून धावलंस मगे!" बाबा ओरडले. "देवाक फसवलंस?"

"रापणीक गेल्लंय," ती खुणेपाशी वळता वळता म्हणाली. "तुमीच धाडलात!"

जागा तिची झाली. दोन महिन्यांत पहिल्यांदा तिला मोकळं वाटलं. ते संध्याकाळपर्यंत टिकलं.

संध्याकाळी सर पडवीत आले. राज्यस्पर्धेपर्यंत नवा विषय घ्यावा म्हणाले, रापणीचा. निम्म्यांनी ओढायची, निम्म्यांनी नुसती बघायची.

"चिठ्ठ्या टाकू का?" त्यांनी भीत भीत विचारलं.

बाबांनी डोक्यावर टोपी ठेवली. "गुरवाक बोलवा."