दादाच्या अकरा ओळी

आमच्या घरात सगळ्यात तापट कोण, असं कुणालाही विचारा, बोट माझ्याकडेच दाखवतील, आणि त्यावरूनही मी चिडेन. दादा मला लहानपणापासून ठिणगी म्हणायचा. म्हणायचा अशासाठी, की तीन वर्षं आमचं बोलणं बंद होतं. लोकांची भावंडं जमिनीवरून भांडतात, आम्ही भागाकारावरून भांडलो.

संगणकाला कितीही मोठा आकडा झेपतो असा पुष्कळांचा समज असतो. तसं काही नाही. वीसेक आकडी संख्येपर्यंत तो बिनचूक चालतो, पुढे त्याची बोबडी वळते. ज्यांना तीनशे किंवा तीन हजार आकडी संख्या लागतात त्यांच्यासाठी कुणीतरी आधीच कोड लिहून ठेवावा लागतो. अशा तयार कोडला लायब्ररी म्हणतात. आमचीही एक आहे. त्यात मोठ्या संख्येचे तुकडे करून एकेक तुकडा एकेका खणात ठेवायचा आणि शाळेत करतो तसं, हातचे धरत, खणाखणानं गणित करायचं. ‘खण’ हा दादाचा शब्द.

बेरीज, वजाबाकी, गुणाकार मी लिहिले. भागाकार दादाचा. तो मोजणी खात्यात नोकरीला होता, उभा जन्म क्षेत्रफळं काढण्यात गेला. संगणकाशी त्याचं फारसं पटायचं नाही. बावीस वर्षांपूर्वी माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर तो कागदावर लिहायचा आणि मी टाइप करायचे. माझा नवरा म्हणायचा, “तुम्हा दोघांना जेवायला वाढू की भागू?”

त्या भागाकारात अकरा ओळी अशा होत्या की त्या कधी चालायच्याच नाहीत. लाखो चाचण्या घेतल्या, एकदाही संगणक तिथे फिरकला नाही. तीन वर्षांपूर्वी साफसफाई करताना मी त्या उडवल्या. दादाला कळलं तेव्हा तो म्हणाला, “त्या लागतात.” मी म्हटलं, “दाखव कुठे लागतात ते.” तो म्हणाला, “आत्ता नाही दाखवता येणार, पण लागतात.” मग मी जे बोलले ते आता आठवलं तरी कानशिलं तापतात. तुझा काळ गेला, म्हटलं. हे मोजणी खातं नाही, म्हटलं. दादानं चष्मा खिशात घातला आणि तो गेला.

त्यानंतर ना फोन, ना मेल. त्याच्या वाढदिवसाला मीच नमतं घेऊन फोन केला. त्यानं तो उचलला, तीनदा “हॅलो” म्हणाला, मी नाव सांगत असतानाच ठेवून दिला. झालं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आता त्यानं पहिल्यांदा बोलायचं, असं मी नवऱ्याला निक्षून सांगितलं. नवऱ्यानं मान डोलावली. माझ्यापुढे तो फक्त मान डोलावतो.

गेल्या मंगळवारी सकाळी एका अनोळखी बाईचं पत्र आलं. ती आमची लायब्ररी वापरते. तिनं दोन लांबलचक संख्या पाठवल्या होत्या आणि खाली एकच ओळ लिहिली होती: ‘यांचा भागाकार करून पाहाल का?’ मी केला. बाकी भाजकापेक्षा मोठी आली. भाजकापेक्षा बाकी मोठी! तिसरीतलं पोरसुद्धा हसेल.

मी कोड उघडला आणि दहा मिनिटांत चूक कुठे आहे ते दिसलं. हातानं भागाकार करताना आपण काय करतो? दोनशे तीसला अठ्ठावन्ननं भागायचं असेल तर आधी पुढचे आकडे बघून अंदाज करतो. तेवीसमध्ये पाच किती वेळा? चार वेळा. अठ्ठावन्न चोक दोनशे बत्तीस. दोननं जास्त झाले. मग चार खोडायचे आणि तीन लिहायचे. दादाच्या अकरा ओळी म्हणजे एवढंच होतं: अंदाज एकनं जास्त झाला तर मागे ये आणि नीट कर. त्या नसल्या की शून्याखाली गेलेली बाकी आमच्या खणांत अवाढव्य आकडा होऊन बसते. आमचे खण इतके मोठे, की अंदाज चुकण्याची वेळ जवळजवळ येतच नाही. जवळजवळ. आणि तेवढ्यावर मी म्हाताऱ्या माणसाला त्याचा काळ गेला म्हणून सांगितलं होतं.

मूळच्या ओळी टाइप करण्याच्या आधी त्यानं मेलनं एक कागद पाठवला होता, तो शोधायला मी मेलमध्ये त्याचं नाव टाकलं. जुनी मेल सापडली. आणि एक फोल्डरही सापडला. त्यावर लिहिलं होतं: ‘आठवडाभर नको’.

भांडणाच्या दुसऱ्या दिवशी, रागाच्या भरात, दादाची मेल आली की समोर न येता थेट त्या फोल्डरमध्ये जावी अशी सोय मीच करून ठेवली होती. आठवड्याभरासाठी. आणि विसरले होते. आत एकेचाळीस पत्रं होती, एकही न उघडलेलं.

पहिलं भांडणानंतर सहाव्या दिवसाचं. ‘ठिणगे, सापडलं. खण लहान कर. एका खणात एकच आकडा ठेवलास तर माझ्या ओळी वरचेवर लागतील. सोबत एक उदाहरण सोडवून पाठवतोय. लोकांसमोर बोलायला नको, तूच गुपचूप दुरुस्त कर.’ मी खण लहान केले. चुकीच्या उत्तरांची रांग लागली. त्याचं उदाहरण सोडवलं, तेही बरोबर होतं.

दुसऱ्यात नुसतं, ‘राग गेला का?’ पाचव्यात, ‘कानांनी साथ सोडलीय. फोन वाजलेला दिव्यावरून कळतो, पण पलीकडचं काही ऐकू येत नाही. तेव्हा लिहीतच जा.’ हे पत्र त्याच्या वाढदिवसाच्या महिनाभर आधीचं होतं. मी उठले आणि दुधाखालचा गॅस बंद केला, दूध उतू जाऊन बराच वेळ झाला होता.

नवरा म्हणाला, “मी येऊ का बरोबर?” मी नको म्हटलं. दुपारच्या बसनं निघाले. वाटेत फोनवर बाकीची पत्रं वाचत होते. एकात होतं, ‘दार लोटलेलंच असतं, बेल ऐकू येत नाही.’ शेजारी बसलेल्या बाईंनी मला रुमाल दिला.

दार खरंच लोटलेलं होतं. दादा खिडकीशी बसून लिहीत होता, पाठ माझ्याकडे. केवढा बारीक झाला होता. मी समोर जाऊन उभी राहिले. त्यानं वर पाहिलं, पेन खाली ठेवलं आणि म्हणाला, “बस. चहा टाकतो.” जणू कालच येऊन गेले होते.

तो आत गेला तेव्हा मी वही पाहिली. सगळ्या पानांवर एकच भागाकार होता. तोच, पहिल्या पत्रातला. प्रत्येक पानावर तारीख घातलेली, सुवाच्य अक्षर, खोडलेला आकडा, शेजारी दुरुस्त केलेला. खाली अशा आणखी पाच वह्या होत्या. शेवटच्या पानावरची तारीख आजची होती.

तो कप घेऊन आला. मी वहीवर बोट ठेवून हातानंच ‘हे काय?’ असं विचारलं.

“तू उत्तर दिलं नाहीस,” तो म्हणाला. आवाज जरा मोठा, ऐकू न येणाऱ्यांचा असतो तसा. “तू उत्तर दिल्याशिवाय राहणारी नाहीस. म्हणजे माझंच कुठेतरी चुकलं असणार, आणि भाऊ म्हणून तू बोलून दाखवत नसशील. म्हटलं, आपणच शोधू. रोज एकदा करतो. अजून सापडली नाही चूक.”

तीन वर्षं. बरोबर सोडवलेलं गणित हा माणूस तीन वर्षं रोज तपासत होता, कारण धाकट्या बहिणीवर त्याचा स्वतःपेक्षा जास्त विश्वास होता. मला हुंदका आवरेना. मी पेन घेतलं आणि आजच्या पानाखाली लिहिलं, ‘तुझं बरोबर आहे. पहिल्या दिवसापासून बरोबर होतं. पत्रं मी आज वाचली. ती माझ्यासमोर येऊ नयेत अशी सोय मीच केली होती. चूक माझी आहे, दादा.’

त्यानं चष्मा लावून वाचलं. मग पुन्हा वाचलं.

“तोंडानं सांग,” तो म्हणाला. “आजवर कधी म्हणाली नाहीस.”

“तू बरोबर होतास.”

“ऐकू आलं नाही.”

मी त्याच्या कानाशी तोंड नेऊन ओरडले, “तू बरोबर होतास, दादा!” त्यानं मान हलवली. नाही आलं म्हणे. मी परत ओरडले, आणि परत, रडत, नाक पुसत, घसा बसेपर्यंत.

शेजारच्या बाई घाबरून दारात आल्या. काय झालं, कोण भांडतंय, असं काहीतरी विचारत होत्या. दादाला ते ऐकू आलं नसणार, पण चेहऱ्यावरून कळलं असावं.

“काही नाही हो,” तो म्हणाला. “माझी धाकटी बहीण आलीय.”